ही बाई तेव्हा नव्हती

गेल्या रविवारी भुसावळला आक्काकडे जाणे झाले. आक्का म्हणजे आमची थोरली बहीण. वय पंचाहत्तरीच्या पुढे, गुडघे कुरकुरतात, पण कान अजून शाबूत. दुपारची जेवणे आटोपली, ती ओसरीवर मेथी निवडायला बसली आणि नेहमीप्रमाणे गुणगुणू लागली. चाल आमच्याही ओळखीची. ही चाल आमच्या आईची. आई गेली, चाल आक्काकडे आली. शब्द मात्र तिच्यापाशी कधीच नव्हते आणि आईपाशीही नव्हते. आई त्या चालीवर आपलेच काहीबाही बसवून म्हणायची. कधी भाकरीचे, कधी बाबांच्या रात्रपाळीचे.

आक्काची नात कॉलेजात शिकते. तिने हळूच मोबाइल आजीच्या तोंडाजवळ धरला. हल्ली म्हणे नुसते गुणगुणले तरी यंत्र गाणे ओळखते. दोन-तीन वेळा चुकले, चौथ्यांदा सापडले. एका पुरुषाचा खोल, मऊ आवाज आला आणि आक्काचे मेथीचे हात थांबले. मग त्याच गाण्यात एका बाईचा आवाज मिसळला. आक्काने मान हलवली.

"आवाज तोच आहे गं. पण ही बाई कोण? ही बाई तेव्हा नव्हती."

नात म्हणाली, "आजी, साठ वर्षं झाली. तू विसरली असशील."

"मी नाही विसरले. एकटाच गायचा तो."

वाचकहो, आक्का बरोबर होती. ती का बरोबर होती, हे शोधता शोधता आमचे आठ दिवस गेले, आणि त्यात जे हाती लागले ते आजच्या सदरात सांगावेसे वाटते.

प्रथम ते गाणे आमच्या घरात कसे आले ते थोडक्यात सांगतो. आमचे बाबा रेल्वेच्या लोको शेडमध्ये खलाशी. आई साहेब लोकांच्या बंगल्यांवर वरकामाला जाई. साहेब लोक म्हणजे अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, गार्ड, फोरमन. आक्का तिच्याबरोबर जायची, आम्ही आक्काच्या कडेवर. एका बंगल्यात संध्याकाळी ग्रामोफोन लागे. आई मागल्या अंगणात भांडी घासायची, दार अर्धे उघडे असायचे, आणि दिवाणखान्यातला आवाज तिथवर यायचा. पुढच्या खोलीत जायचे काम आम्हांला कधी पडले नाही. पुढे ते कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेले. जाताना त्यांनी आईला एक वेताची खुर्ची आणि दोन पातेली दिली. आईला हवी होती ती तबकडी. पण घरात ग्रामोफोन नसताना तबकडी मागायची तरी कशी, म्हणून ती काही बोलली नाही.

त्या गायकाचे नाव जिम रिव्हज. अमेरिकेतील टेक्सासचा, जन्म 1923 चा. तो ज्या प्रकारची गाणी गायचा त्यांना तिकडे कंट्री म्युझिक म्हणतात, म्हणजे खेड्यापाड्याचे संगीत. आपल्याकडे रेल्वे वसाहतींत, ख्रिस्ती घरांत, गोव्यात या माणसाचे नाव जितके झाले तितके त्या प्रकारच्या दुसऱ्या कोणाचे क्वचितच झाले असेल. सुरुवातीला तो इतरांसारखाच मोठ्याने गायचा. मग 1957 च्या सुमारास मायक्रोफोनला ओठ जवळजवळ लावून, कानात बोलल्यासारखे गाऊ लागला आणि त्याचे नशीब उघडले. 31 जुलै 1964 रोजी नॅशव्हिल शहराजवळ पावसात सापडून त्याचे लहान विमान कोसळले. विमान तो स्वतःच चालवत होता. त्यानंतरही त्याची पत्नी मेरी हिने त्याची राहिलेली ध्वनिमुद्रणे वर्षानुवर्षे बाहेर काढली. 1966 मध्ये, मरणानंतर दोन वर्षांनी, इंग्लंडमध्ये त्याचे गाणे पहिल्या क्रमांकावर होते.

आणि ती बाई? ती पॅट्सी क्लाइन. व्हर्जिनियातल्या गरीब घरातली मुलगी, जन्म 1932 चा. आवाज असा की ऐन वरच्या स्वरात एकाएकी गळा भरून यावा. 5 मार्च 1963 रोजी तीही विमान अपघातातच गेली, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी. म्हणजे दोघांच्या मरणात सतरा महिन्यांचेही अंतर नाही. या दोघांनी मिळून एकही गाणे ध्वनिमुद्रित केले नव्हते.

मग आक्काच्या नातीच्या मोबाइलमधून दोघे एकत्र कसे आले? त्याचे असे झाले. काही गाणी अशी होती की ती दोघांनीही वेगवेगळी गाऊन ठेवलेली होती. त्या काळी नॅशव्हिलमध्ये तीन पट्ट्यांच्या टेपवर ध्वनिमुद्रण होई. त्यामुळे गायकाचा आवाज वाद्यांपासून वेगळा काढणे शक्य होते. 1980 नंतर जुन्या टेप बाहेर काढल्या. चेट अ‍ॅटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली हे दोन निर्माते, एकाने जिमची गाणी केलेली, दुसऱ्याने पॅट्सीची. त्यांनी दोघांचे आवाज सोडवून घेतले, एकमेकांशी जुळवले आणि खाली नवीन वाद्यमेळ भरला. 1981 मध्ये ‘हॅव यू एव्हर बीन लोनली’ हे द्वंद्वगीत बाजारात आले आणि कंट्री गाण्यांच्या यादीत चांगले वर चढले. आक्काने ऐकले होते ते एकट्या जिमचे. ही बाई त्या गाण्यात तेव्हा खरोखरच नव्हती.

आम्ही हे आक्काला समजावून सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मेलेल्या माणसांना विचारलं होतं का?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. आमचे मत विचाराल तर ते द्वंद्वगीत कानाला गोड लागते, पण त्यात दोघे एकमेकांचे ऐकत नाहीत. एक थांबतो म्हणून दुसरी उचलते, असे होत नाही. शिंप्याने दोन चांगल्या कापडांचा एक सदरा शिवावा, शिवण दिसू नये, पण अंगात घातल्यावर काखेत काचावे, तसे काहीसे.

तरीपण त्या शिवणीमुळे एक झाले. अनेकांना जुने गाणे नव्याने ऐकावेसे वाटले. आम्हीही त्यांच्यातलेच. एका दोऱ्याचे टोक हाती आले आणि आम्ही ओढत गेलो.

जुन्या गाण्याला नव्या जोडीदारासह पुन्हा उभे करण्याचा हा उद्योग अमेरिकेत फार पूर्वीपासून चालतो. 1971 च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील लांब केसांची काही पोरे नॅशव्हिलला आली. त्यांच्या वाद्यवृंदाचे नाव नीटी ग्रिटी डर्ट बँड. त्यांनी मेबेल कार्टर, रॉय एकफ, अर्ल स्क्रग्ज, डॉक वॉटसन, मर्ल ट्रॅव्हिस अशा जुन्या मंडळींना एका स्टुडिओत बोलावले. रॉय एकफ या पोरांच्या दाढ्या-केस पाहून साशंक होते. डॉक वॉटसन हे अंध गिटारवादक. त्यांनी मर्ल ट्रॅव्हिसच्या वादनावर जीव टाकून आपल्या मुलाचे नाव मर्ल ठेवले होते, पण दोघांची प्रत्यक्ष भेट झाली ती या स्टुडिओत. टेप चालू होती, म्हणून त्यांच्या भेटीतले बोलणेही तबकडीत राहून गेले. 1972 साली तीन तबकड्यांचा तो संच निघाला आणि शहरातली तरुण पोरे म्हाताऱ्यांची गाणी शोधू लागली. यात माणसे समोरासमोर बसली होती. कानाला तो फरक कळतो.

पण या संचातल्या मेबेल कार्टरबाईंकडे पाहता पाहता आम्ही दुसऱ्याच माणसापाशी जाऊन पोहोचलो, आणि आजच्या लेखाचे खरे कारण तो माणूस आहे.

1927 च्या उन्हाळ्यात रेकॉर्ड कंपनीचा माणूस ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन ब्रिस्टल या डोंगरी गावात आला. तिथे ए. पी. कार्टर, त्याची पत्नी सारा आणि भावजय मेबेल यांची गाणी पहिल्यांदा मुद्रित झाली. कंट्री संगीताचे जन्मगाव म्हणून आज ब्रिस्टलचे नाव घेतात. ए. पी. कार्टर डोंगरातून फिरून जुनी गाणी गोळा करायचा. त्याला शब्द उतरवून घेता येत, चाल लक्षात राहत नसे. चाल लक्षात ठेवायला त्याच्याबरोबर एक काळा माणूस असे. नाव लेस्ली रिडल. कारखान्यातल्या अपघातात त्याचा एक पाय गेला होता. गिटार उत्तम वाजवायचा. ए. पी. दारात उभा राहून शब्द लिहून घ्यायचा आणि रिडल चाल डोक्यात साठवून घरी आणायचा. मेबेलबाई त्याच्याकडून गिटारही शिकल्या. त्यांच्या वादनाचे नाव पुढे जगभर झाले. तबकडीवर कार्टर कुटुंबाचे नाव आले. रिडलचे नाव आले नाही. 1960 च्या दशकात माइक सीगर नावाचा संग्राहक त्याला शोधत गेला तेव्हा कुठे त्याचे गाणे मुद्रित झाले.

आम्ही जन्मभर समजत होतो की हे संगीत गोऱ्यांचे. बंगल्यातले, दिवाणखान्यातले. आपण मागल्या अंगणातून ऐकायचे. पण त्यातले बँजो हे वाद्यच मुळी आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांनी भोपळ्याला कातडे मढवून घडवलेले. गोऱ्यांनी ते उचलले एकोणिसाव्या शतकात, आणि तेही तोंडाला काळे फासून काळ्यांची टिंगल करणाऱ्या खेळांतून. 1920 च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी गाण्यांच्या दोन याद्या केल्या. काळ्यांसाठी वेगळी, डोंगरातल्या गोऱ्यांसाठी वेगळी. चाली त्याच, वाद्ये तीच, पुष्कळदा गाणीही तीच. यादी मात्र निराळी. एकदा यादी पडली की पुढच्या पिढीला वाटू लागते, हे मुळापासूनच असे होते.

डीफोर्ड बेली या माणसाची गोष्ट तर मुलाबाळांना सांगावी अशी आहे. टेनेसीतला, जन्म 1899 चा. लहानपणी पोलिओ झाला, अंगाने ठेंगणा राहिला. माउथ ऑर्गनवर आगगाडी वाजवायचा. दूरवरून येणारी, पुलावर धडधडणारी, शिट्टी देत निघून जाणारी. नॅशव्हिलच्या रेडिओवर शनिवारी रात्री खेडवळ गाण्यांचा कार्यक्रम लागे. 1927 च्या डिसेंबरात एका रात्री त्याच्या आधी अभिजात संगीताचा भारदस्त कार्यक्रम झाला होता. मग बेलीने आपली आगगाडी वाजवली, आणि निवेदक जॉर्ज हे याने त्या दोन्हींची गंमत करत आपल्या कार्यक्रमाला ‘ग्रँड ओल ऑप्री’ असे नाव देऊन टाकले. आज त्या कार्यक्रमाचे नाव म्हणजे कंट्री संगीताचे देऊळ. हे बारसे झाले ते एका काळ्या माणसाच्या माउथ ऑर्गनवर.

बेली गोऱ्या गायकांबरोबर गावोगावी दौऱ्यावर जाई. तंबूत त्याला टाळ्या पडत, हॉटेलात खोली मिळत नसे. 1941 साली त्याला कार्यक्रमातून काढले. पुढे 1945 च्या एका पुस्तिकेत त्याच निवेदकाने त्याला आळशी ठरवले. हा आळशी माणूस त्यानंतर कित्येक वर्षे नॅशव्हिलमध्ये बूटपॉलिशचे दुकान चालवून पोट भरत होता. 1974 मध्ये जुन्या कलावंतांच्या मेळाव्यात त्याला पुन्हा त्या मंचावर बोलावले. 1982 मध्ये तो वारला. कंट्री संगीताच्या कीर्तिदालनात त्याला जागा मिळाली 2005 मध्ये.

आगगाडीचा विषय निघाला आहे तर जिमी रॉजर्सचेही सांगितले पाहिजे. हा गोरा. मिसिसिपीतला, रेल्वेत ब्रेकमन. रुळांवर काम करणाऱ्या काळ्या मजुरांची गाणी ऐकतच तो वाढला. क्षयाने नोकरी सुटली आणि गाणे पोटाचे साधन झाले. 1930 च्या जुलैत हॉलिवूडला त्याने एक गाणे मुद्रित केले. त्यात ट्रम्पेट वाजवले लुई आर्मस्ट्राँगने आणि पियानो त्याची पत्नी लिल हिने. एवढा मोठा कलावंत, पण तबकडीवर त्याचे नाव छापले गेले नाही. गोऱ्याच्या यादीत काळ्याचे नाव कसे छापणार? चाळीस वर्षे गेली. 1970 साली जॉनी कॅश या गायकाने दूरदर्शनवरच्या आपल्या कार्यक्रमात आर्मस्ट्राँगला बोलावले. रॉजर्स तर 1933 सालीच वारला होता. त्याच्या जागी कॅश गायला आणि शेजारी म्हातारा आर्मस्ट्राँग तेच ट्रम्पेट वाजवू लागला. या वेळी साऱ्या देशाला तो दिसत होता. पुढल्याच वर्षी, 1971 च्या जुलैत, आर्मस्ट्राँग गेला.

आम्ही हा कार्यक्रम नातीच्या मोबाइलवर पाहिला. म्हातारा हसतो आहे. चेहऱ्यावर कुठलाही हिशेब नाही. हिशेब आपल्या मनात होतो.

रे चार्ल्सने मात्र हिशेब गाण्यातच मांडला. जन्म 1930, दक्षिणेतल्या दारिद्र्यातला, सातव्या वर्षी दृष्टी गेलेला. लहानपणी शनिवारी रात्री रेडिओवर तोच ऑप्री ऐकायचा. तरुणपणी फ्लोरिडात एका गोऱ्या कंट्री वाद्यवृंदात पियानोही वाजवला. पुढे आपल्या लोकांच्या संगीतात नाव झाल्यावर 1962 मध्ये त्याने ठरवले की कंट्री गाण्यांची संपूर्ण तबकडी करायची. कंपनीच्या लोकांना धास्ती वाटली. तुझे ऐकणारे तुला सोडून जातील, असा त्यांचा सूर. त्याने ऐकले नाही. डॉन गिब्सन या गोऱ्या गायकाने लिहिलेले ‘आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू’ हे गाणे त्याने आपल्या पद्धतीने, मागे गायकवृंद उभा करून गायले. अमेरिकेत ते पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. कंट्री गाण्यांच्या यादीत मात्र त्याला जागा नव्हती. गाणे कंट्री, गाणारा नाही, असा हा प्रकार.

तेवीस वर्षांनी ती जागा मिळाली. 1984 मध्ये त्याने जॉर्ज जोन्स, जॉनी कॅश, मर्ल हॅगर्ड, विली नेल्सन अशा कंट्री गायकांना शेजारी घेऊन द्वंद्वगीते केली. त्यातले विली नेल्सनबरोबरचे गाणे 1985 मध्ये कंट्री यादीत पहिले आले. कीर्तिदालनात मात्र त्याचे नाव लागले 2022 मध्ये. तोवर त्याला जाऊन अठरा वर्षे झाली होती.

पॅट्सीचे एक गाणे आहे, ‘आय फॉल टू पीसेस’. 1961 मध्ये तिने ते कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर नेले. पुढे तेही जिमच्या आवाजाला जोडण्यात आले. 1994 मध्ये ‘ऱ्हिदम, कंट्री अँड ब्लूज’ नावाचा एक संग्रह निघाला. प्रत्येक गाण्यात एक काळा आणि एक गोरा आवाज. त्यात हे गाणे अ‍ॅरन नेव्हिल आणि ट्रिशा इयरवुड यांनी गायले. नेव्हिल हा न्यू ऑर्लिन्सचा, पहिलवानासारखा देह आणि आवाज मात्र रेशमासारखा थरथरणारा. आम्ही तिन्ही आवृत्त्या एकामागून एक ऐकल्या. मूळ ते मूळच. पण या तिसऱ्या आवृत्तीत नेव्हिलचा आवाज वर जाऊन थरथरला की ट्रिशा क्षणभर मागे राहते, त्याला वाट देते. शिंप्याच्या सदऱ्यात जे नव्हते ते इथे आहे. त्याच संग्रहात सॅम मूर आणि कॉन्वे ट्विटी यांचेही गाणे आहे. ट्विटीच्या अखेरच्या ध्वनिमुद्रणांपैकी ते एक. संग्रह बाजारात येण्यापूर्वीच, 1993 च्या जूनमध्ये, तो वारला.

आता अलीकडचे. 2023 मध्ये ल्यूक कोम्ब्स या गोऱ्या कंट्री गायकाने ‘फास्ट कार’ हे 1988 चे गाणे पुन्हा गायले. ते मूळ ट्रेसी चॅपमन या काळ्या बाईने लिहिलेले आणि गायलेले. गरिबीतून पळून जाऊ पाहणाऱ्या, दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या मुलीचे गाणे. कोम्ब्स पुरुष असूनही त्याने शब्द बदलले नाहीत. मुलगी ती मुलगीच ठेवली. त्या वर्षी कंट्री संगीत संघटनेचा सर्वोत्तम गीताचा पुरस्कार चॅपमनला मिळाला. हा मान मिळवणारी ती पहिलीच काळी गीतकार. 2024 च्या फेब्रुवारीत ग्रॅमीच्या मंचावर दोघे एकत्र उभे राहिले. चॅपमन सहसा लोकांसमोर येत नाही. तिने गिटारीची पहिली तार छेडली आणि सभागृह उभे राहिले. कोम्ब्स बिचारा तिच्याकडे बघत ओठांतल्या ओठांत तिचेच शब्द म्हणत होता. हे आम्हांला फार आवडले. चांगल्या चेल्याने असेच उभे राहावे.

त्याच वर्षी 29 मार्चला बियॉन्से या नामांकित गायिकेचा ‘काऊबॉय कार्टर’ हा संग्रह आला. आक्काच्या नातीला तो तोंडपाठ आहे. ती म्हणते यात डॉली पार्टनचे ‘जोलीन’ आहे, पण निराळ्या शब्दांत. मूळ गाण्यातली बाई दुसरीपुढे हात जोडते, ही दम देते. आम्हांला मूळचेच बरे वाटले. नातीला नवे. वाद झाला, चहा थंड झाला. असो. पण या संग्रहात एका म्हातारीचा आवाज आहे, त्याने आमचे लक्ष वेधले. तिचे नाव लिंडा मार्टेल. 1969 मध्ये ऑप्रीच्या मंचावर एकटीने गाणारी पहिली काळी स्त्री. 1970 मध्ये तिची एकच तबकडी निघाली. जिने ती काढली त्या कंपनीचे नाव होते प्लँटेशन, म्हणजे गुलामांकडून कापूस वेचून घेणारा मळा! गावोगावी गाताना प्रेक्षकांतून शिव्या ऐकाव्या लागत. पुढे कंट्री गाण्यातले तिचे नाव बुडाले. चौपन्न वर्षांनी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, तिचा आवाज पुन्हा जगभर ऐकू गेला, आणि पोरे तिची जुनी तबकडी शोधू लागली. याच संग्रहात बँजो वाजवणारी ऱ्हायनन गिडन्स हिने जो थॉमसन नावाच्या वृद्ध काळ्या फिडलवादकाच्या घरी आठवड्यामागून आठवडे जाऊन ती विद्या घेतली होती. थॉमसन 2012 मध्ये गेला. शिकणारी पोरे त्याच्याकडे वेळेत पोहोचली म्हणून बरे.

आणखी एक नवल. रँडी ट्रॅव्हिस या गायकाची वाचा 2013 मध्ये पक्षाघाताने गेली. 2024 मध्ये त्याचे नवे गाणे आले. गायले दुसऱ्याने, आणि संगणकाला ट्रॅव्हिसची जुनी गाणी शिकवून त्यावर त्याचा आवाज चढवला. आक्काला सांगितले तेव्हा तिने तोच प्रश्न केला, "त्याला विचारलं होतं का?" म्हटले, हो, तो जिवंत आहे, त्याच्या संमतीनेच केले. "मग ठीक," म्हणाली. आमच्या घरातला या विषयावरचा कायदा आता एवढाच आहे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी नातीने एकट्या जिमचे गाणे शोधून काढले. मध्ये बाई नाही. आक्का डोळे मिटून बसली. गाणे संपल्यावर म्हणाली, "आई हेच म्हणायची. ह्याच जागी तिचा श्वास पुरायचा नाही." आम्ही इतकी वर्षे समजत होतो की त्या चालीत तिथे विसावाच आहे. तो विसावा नव्हता. भांडी घासता घासता आईला दम लागायचा.

मग नातीने डीफोर्ड बेलीची आगगाडी लावली. नुसता माउथ ऑर्गन, एकटा माणूस. आक्काने कान दिला. गाडी जवळ आली, धडधडली, लांब गेली.

"हा माणूस रुळाशेजारी राहिलेला आहे," आक्का म्हणाली. "लाव गं पुन्हा."